खुर्च्या कुठं जातात

मनोरुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धोबीखान्याला लागून, एक लांबट खोली होती. दारावर पाटी होती, ‘व्यवसायोपचार विभाग’. ती पाटी तपासणीला येणारे साहेब तेवढे वाचत. बाकी सगळे त्या खोलीला कारखाना म्हणत आणि तिथल्या माणसाला मास्तर. तीस वर्षं तिथं घालवून मास्तरांच्या स्वतःच्या मालकीचं काय झालं होतं, तर एक दबलेली उशी, कान तुटलेला चहाचा कप आणि गुडघेदुखी.

मास्तर मूळचे खुर्च्या विणणारे. लाकडी सांगाड्याच्या कडेनं भोकं असतात, त्यांतून वेताची पट्टी ओवून बैठक विणायची. आधी उभे पदर, मग आडवे, पुन्हा उभे, पुन्हा आडवे, शेवटी दोन तिरपे. बाजारात ओतीव प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मास्तरांचं दुकान बघता बघता बसलं. तेव्हा कुणीतरी म्हणालं, दवाखान्यात शिकवणारा माणूस हवाय. मास्तर गेले. पहिल्या दिवशी त्यांची अशी पाचावर धारण बसली होती की पट्टी ओवायचे सगळे अणकुचीदार टोचे त्यांनी आपल्याच खिशात भरून घेतले आणि दिवसभर मांडीला टोचून घेतलं. आठवडाभरात कळलं, की इथल्या माणसांना टोच्याचं काही पडलेलं नाही. त्यांना काम संपण्याची भीती वाटते. काम संपलं की उरलेला दिवस अंगावर येतो.

आणि काम संपायला लागलंच. आधी वेत बंद झाला, मग त्याच्या जागी प्लास्टिकची पट्टी आली, मग तीही बंद झाली. मास्तरांनी अर्ज केले. अर्जाला उत्तर यायचं, ‘विचाराधीन’. अकरा वर्षांपूर्वी एकदा सलग तीन आठवडे पट्टीचं एक भेंडोळं शिल्लक नव्हतं. नऊ माणसं बाकांवर बसून होती. एकजण डुलत होता. एकजण भिंतीवर कपाळ आपटायचा, मोजून, अगदी शांतपणे. मास्तरांनी तीन आठवडे हे बघितलं आणि एका संध्याकाळी, सगळे वॉर्डात परत गेल्यावर, कोपऱ्यातली एक विणून झालेली खुर्ची ओढली आणि उसवली. पट्टी गुंडाळून ठेवली. सकाळी ती कपाळ आपटणाऱ्याच्या हातात दिली. त्या दिवशी त्यानं कपाळ आपटलं नाही.

झालं. तेव्हापासून तीच रीत पडली. खुर्ची पूर्ण झाली, की त्या संध्याकाळी मास्तर ती उसवायचे. माणसं नऊ, सांगाडे बारा. रिकामा केलेला सांगाडा मागच्या खोलीत ढकलायचा आणि तिथला दुसरा पुढं आणायचा. कुणाला ओळखू येऊ नये म्हणून दोन सांगाड्यांना त्यांनी हिरवा रंगही फासला होता. एवढी हुशारी स्वतःच्या दुकानात दाखवली असती तर दुकान चाललं असतं, असं त्यांची बायको म्हणायची. पुढं नवे साहेब आले. मास्तर पट्टी मागायला गेले, तर साहेबांनी खिडकीतून कारखान्यात डोकावून बघितलं. नऊ माणसं माना खाली घालून विणत होती. “काम तर झकास चाललंय की,” साहेब म्हणाले. “मग आणखी कशाला?” मास्तर हात हलवत परत आले. आपण आपल्याच हातांनी आपलाच अर्ज फेटाळून घेतलाय, हे त्यांना त्या दिवशी कळलं. पण आता थांबायचं कसं? थांबलं की पुन्हा ते कपाळ आणि ती भिंत.

नऊ जणांत एक होता, त्याला सगळे ‘सावकाश’ म्हणत. चाळिशी ओलांडलेला, वाळक्या अंगाचा, जाड चष्म्याचा. चौदा वर्षं तिथं होता. आजाराची जी काही वादळं होती ती सुरुवातीच्या तीन-चार वर्षांत येऊन गेली होती, आता गोळ्या वेळेवर घ्यायचा, अंथरूण नीट घडी करायचा आणि पट्टी ओढताना तिलाच समजवायचा, “सावकाश. सावकाश.” त्यावरून हे नाव. त्याची वीण इतकी सपाट यायची, की मास्तरांना स्वतःच्या तरुणपणच्या हाताची आठवण व्हायची. जुनी पट्टी दहादा दुमडून तिच्यावर पांढरे वळ पडलेले असतात. ते वळ नको तिथं आले की बैठक उंचसखल होते. सावकाशच्या हातून ते वळ बरोबर भोकाच्या कडेवर यायचे. मास्तर म्हणायचे, हात आहे पोराचा. पोरगा काय, अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा होता तो. पण मास्तरांना तो पोरगाच वाटायचा.

रोजचं बोलणं म्हणाल तर त्या दोघांत एवढंच. खुर्ची पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सावकाश रिकाम्या जागेकडे बघून विचारायचा, “कुठं गेली?”

मास्तर सांगायचे. “शाळेत गेली. मुख्याध्यापकांच्या खोलीत.” कधी, “कोर्टात गेली. साक्षीदार बसतो ना, तिथं.” एकदा सांगितलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. सावकाशनं चष्मा काढून पुसला आणि मान डोलावली, “चांगलं झालं.” मास्तर थापा मारण्यात मुळीच तरबेज नव्हते. पण या एका माणसासाठी ते घरून निघतानाच आजची जागा ठरवून यायचे.

आता गोष्ट सुरू होते ती मॅडमपासून. मॅडम म्हणजे त्या विभागाच्या नव्या उपचारतज्ज्ञ. वय सत्तावीस, हातात कायम तक्ते, आणि माणूस बरा होतो यावर विश्वास. मास्तरांना पहिले सहा महिने त्यांचा फार राग यायचा. पण या पोरीनं सावकाशची जुनी फाइल धुंडाळली, त्याच्या धाकट्या भावाचा पत्ता शोधला आणि चार महिने पत्रं आणि फोन करून त्याला बोलतं केलं. भावाचं फर्निचर दुरुस्तीचं दुकान होतं, आठ तासांच्या अंतरावर. दुकानाच्या मागं एक खोली होती.

भाऊ एकदा येऊन भेटून गेला. माणूस वाईट नव्हता. खरं बोलायचा, आणि खरं बोलणाऱ्याचं ऐकताना आपलीच मान खाली जाते. म्हणाला, “मॅडम, दादाला न्यायला मी तयार आहे. पण घरात बायको आहे, दोन मुली आहेत. दादा आजारात असताना काय काय झालं ते तिनं बघितलंय. ती म्हणते, नुसता बसून राहणारा माणूस डोक्यात काय शिजवतोय ते कळत नाही. काम करणार असेल तर आणा. मला एक खुर्ची दाखवा. एकट्यानं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलेली. तेवढी मी तिला नेऊन दाखवतो, आणि त्याच गाडीनं दादाला.”

दिवस ठरला, गुरुवार. मोठे डॉक्टर सही करायला तयार झाले. मॅडमनी सावकाशला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. मग त्यानं विचारलं, “खोलीला खिडकी आहे?”

“आहे,” मॅडम म्हणाल्या. “मी विचारलंय. रस्त्याच्या बाजूला आहे.”

त्या दिवसापासून सावकाशचा हात बदलला. सावकाश तो राहिलाच नाही. सकाळी दार उघडायच्या आधी उंबऱ्याशी उभा. चहा आला तरी उठेना. पाचव्या दिवशी तिरपे पदर घातले आणि बुधवारी दुपारी चारला शेवटची पट्टी कडेला ओवून ती सुटू नये म्हणून भोकात खुंटी ठोकली. मास्तरांनी खुर्चीवर हात फिरवला, मग स्वतः बसून बघितलं, मग मॅडमना बसवलं. मॅडमना रडू आलं आणि त्यांनी ते तक्त्याआड लपवलं. मास्तरांना कौतुकाचे शब्द सापडेनात. ते म्हणाले, “आता मला घरी बसायला हरकत नाही.” दोन महिन्यांवर त्यांची निवृत्ती होती.

आणि इथंच मास्तर चुकले. चूक म्हणावी तरी कशाला? आनंद झालेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. सावकाशला अंगावर घालून जायला दवाखान्याच्या कपड्यांखेरीज काही नव्हतं, तेव्हा मास्तर नेहमीपेक्षा तासभर आधी निघाले आणि बाजारात जाऊन त्याच्यासाठी शर्ट घेतला. आकाशी, बारीक रेघांचा. कारखान्याची किल्ली त्यांनी वॉर्डातल्या मामांकडे दिली. मामा म्हणजे झाडलोट बघणारे. त्यांच्या हाताखाली दर संध्याकाळी सावकाशच केर काढायचा. अकरा वर्षांत पूर्ण झालेली खुर्ची न उसवता मास्तर घरी गेले असं पहिल्यांदाच घडत होतं. ही खुर्ची उसवायची नाही, हे त्यांना अर्थातच माहीत होतं. सावकाशला ते सांगायला हवं, हे मात्र त्यांच्या डोक्यातही आलं नाही. खुर्च्या उसवल्या जातात हेच जर त्याला ठाऊक नाही, तर त्याला सांगायचं काय?

गुरुवारी सकाळी मास्तर शर्ट घेऊन आधी वॉर्डात गेले. सावकाश तयार होता. साबणाची डबी, दात घासायचा ब्रश आणि जुना चष्मा एवढं सामान पिशवीत होतं. शर्ट दोन बोटं मोठा झाला. मास्तरांनी तो स्वतःच्या मापानं घेतला होता. बाह्या दुमडून दिल्या. दोघं कारखान्याकडे निघाले तेव्हा वाटेत भाऊ, मॅडम आणि मोठे डॉक्टर येताना दिसले. सगळे बरोबरच आत शिरले.

खोली लख्ख झाडलेली होती. मधोमध सांगाडा उभा होता, रिकामा. सगळी भोकं मोकळी. बाजूच्या बाकावर पट्टीची भेंडोळी ओळीनं मांडून ठेवलेली, प्रत्येकाला सुताची गाठ. खुंट्या वाटीत. इतकं टापटीप काम मास्तरांनाही कधी जमलं नव्हतं.

मोठ्या डॉक्टरांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं होतं. “काल चार वाजता पूर्ण होती,” त्या म्हणाल्या. “मी स्वतः बसले तिच्यावर.”

“असेल,” भाऊ म्हणाला. “मग उसवली कुणी?”

“मी,” सावकाश म्हणाला. नव्या शर्टात तो ताठ उभा होता, वर्गात बरोबर उत्तर दिलेल्या मुलासारखा.

भावानं कागदांवर सही करायला खिशातून पेन काढलेलं होतं. ते त्यानं हातात धरून ठेवलं. “का रे दादा?”

सावकाशनं मास्तरांकडे बघितलं. वाटलं असेल, मास्तर सांगतील.

आता मास्तरांनी बोलायला हवं होतं. अगदी सोपं होतं. इथं हे रोजच होतं, मी करतो, ते बघून त्यानं केलं. एवढं एक वाक्य. पण मोठे डॉक्टर समोर होते. दरवर्षीच्या अहवालात या खुर्च्या शाळांना दिल्या असं मास्तरांनी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिलेलं होतं. दोन महिने उरले होते. ते वाक्य मास्तरांच्या जिभेपर्यंत आलं, आणि त्यांनी पट्टीच्या भेंडोळ्याकडे बघितलं. तेवढ्यात भावानं पेन टोपण लावून खिशात ठेवलं.

“मॅडम, तुमच्यावर माझा राग नाही,” तो म्हणाला. “पण माझं दुकान आहे. गिऱ्हाइकाची खुर्ची दादानं संध्याकाळी विणली आणि रात्रीत सोडून ठेवली, तर मी कुणाला काय सांगू? बायकोला मी चार महिने समजावत होतो.”

मॅडम विनवत होत्या, आणखी आठ दिवस द्या, पुन्हा करून दाखवेल. भाऊ मान हलवत होता. त्यानं सावकाशच्या खांद्यावर हात ठेवला, शर्टाची कॉलर सरळ केली, म्हणाला, “पुढच्या वर्षी बघू हां दादा,” आणि निघाला.

मास्तरांचे पाय तेव्हा हलले. गुडघ्याची पर्वा न करता ते धावत फाटकापर्यंत गेले. धापा टाकत सगळं सांगितलं; पट्टी, अर्ज, ते कपाळ, अकरा वर्षं. भावानं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे अकरा वर्षं दादानं विणलेली एकही खुर्ची कुठं गेली नाही?”

“नाही.”

“आणि त्याला हे माहीत होतं?”

“नव्हतं. नाही, असणार. माहीत होतं, असंच दिसतंय. मलाही आत्ता कळतंय.”

भावानं खिशातलं पेन चाचपलं. मग म्हणाला, “मास्तर, हे आत का नाही बोललात?” मास्तर वाकून गुडघा चोळायला लागले. “आता मी हे घरी सांगितलं ना, तर ती म्हणेल, मला पटवायला तुम्ही दोघांनी मिळून रचलंय. आत, सगळ्यांसमोर, डॉक्टरांच्या देखत म्हणाला असतात तर गोष्ट वेगळी होती.” त्यानं नमस्कार केला. इतकं होऊनही नमस्कार केला, आणि गाडीकडे गेला.

मास्तर परत आले. सावकाश बाकावर बसून होता. साबणाची डबी त्यानं पिशवीतून काढून मांडीवर घेतली होती.

“का उसवलीस रे बाबा?” मास्तरांनी विचारलं.

“तुम्ही विसरला होतात,” सावकाश म्हणाला. “मी तर जाणार होतो. बाकीच्यांना पट्टी लागेल ना.”

मास्तर खाली बसले. मग त्यांच्या लक्षात आलं ते पांढऱ्या वळांचं. ते वळ भोकाच्या कडेवर बरोबर येत होते, कारण ती तीच पट्टी आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि गेल्या खेपेचा कुठला वळ कुठल्या भोकाचा हेही. केर काढायच्या बहाण्यानं त्यानं कितीदा दारातून बघितलं असेल! आणि तरी दुसऱ्या दिवशी विचारायचं, कुठं गेली? मास्तर घरून ठरवून आणत होते ती थाप, आणि हा माणूस ती ऐकून चांगलं झालं म्हणत होता. कोण कुणाला सांभाळत होतं या खोलीत? मास्तरांना तीस वर्षांत कधी वाटली नव्हती एवढी स्वतःची लाज वाटली.

मॅडमनी वरपर्यंत पत्र लिहिलं, मास्तरांनी खाली स्वतःची सही करून सगळं खरं काय ते मान्य केलं. उत्तर दहा दिवसांत आलं, हेच आश्चर्य. विभागाचे कामकाज समाधानकारक असल्याने तूर्त साहित्याची आवश्यकता दिसत नाही. मास्तरांना साधी शिक्षासुद्धा कुणी केली नाही. मॅडमनी ते पत्र फाइलला लावलं. त्यांच्या हातातले तक्ते त्यानंतर मास्तरांना फारसे दिसले नाहीत.

मास्तरांनी मनाशी ठरवलं होतं, आता एकही खुर्ची उसवायची नाही. निदान याची तरी नाही. सावकाश पुन्हा सावकाश झाला होता. बारा दिवस लावून त्यानं एक खुर्ची पुरी केली. त्याच दुपारी बाकीच्यांची पट्टी संपली. कपाळ आपटणारा बाकावर सरकत सरकत भिंतीपाशी गेला आणि बसून राहिला. घंटा झाली, सगळे वॉर्डात गेले. मास्तर त्या खुर्चीपुढं उभे होते.

केर भरून झाल्यावर सावकाश तिथंच थांबला. अंगात तोच शर्ट होता, दवाखान्याच्या धोबीखान्यात धुऊन आताच विटायला लागलेला. त्यानं वाटीतून दोन टोचे घेतले. एक मास्तरांच्या हातात दिला. मग खाली बसला आणि आपल्या बाजूची पहिली खुंटी काढली.

मास्तरही बसले. दुसऱ्या बाजूनं त्यांनी सुरुवात केली. तिरपे पदर आधी निघतात, मग आडवे. दोघांचे हात मध्येच एकमेकांना लागत होते. निम्मी बैठक उसवून झाली तेव्हा सावकाशनं मान वर न करता विचारलं, “ही कुठं गेली?”

मास्तरांनी तोंड उघडलं. शाळा, कोर्ट, डोळ्यांचे डॉक्टर, काहीच त्यांच्या तोंडून निघेना. त्यांनी पट्टीचं टोक नुसतंच घट्ट धरून ठेवलं.

सावकाशनं थोडी वाट बघितली. मग चष्म्याच्या वरून त्यांच्याकडे बघितलं.

“शाळेत गेली, मास्तर,” तो म्हणाला. “चांगली शाळा आहे. सोडा ते टोक. सावकाश.”